निकोला टेस्ला : आज्ञाधारक नौकेचा कर्ता

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी आपला खेळण्यांतला ट्रक पिशवींत घालून आमच्याकडे आला. हा ट्रक तारेवांचून, हातांत धरलेल्या प्रेषक यंत्राच्या आज्ञेनें चालणारा होता. या प्रेषकास आमचीं मुलें रिमोट म्हणतात, व येथें आम्हीहि तोच शब्द वापरणार आहों. जिन्यावरून पडून त्याचा रिमोट फुटला होता. नवा ट्रक घेण्याइतका पैसा घरीं नव्हता. म्हणून त्यानें सणावारीं मिळालेले पैसे सांठवून बाजारांतून एक स्वस्त रिमोट विकत आणिला. दिसावयास तो अगदीं पहिल्यासारखा. वळविण्याचें चाक तेंच, वेग वाढविण्याचा घोडा तोच. परंतु कितीहि दाबलें तरी ट्रक जागचा हालेना. दुकानदारानें आपणांस फसविलें अशी मुलाची तक्रार, आणि मुलानें पैसे पाण्यांत घातले अशी वडिलांची तक्रार.

आम्हांस मात्र या दोन्ही तक्रारी पटल्या नाहींत. ट्रक बिघडला नव्हता. तो आपल्या जुन्या धन्याशीं इमान राखून होता. परक्याची आज्ञा ऐकावयाची नाहीं, हा गुण अशा यंत्रांच्या ठिकाणीं मुद्दाम घातलेला असतो. तो नसता तर एका मुलाच्या हातांतील रिमोटनें साऱ्या गल्लींतील खेळणीं धांवूं लागलीं असतीं. सव्वाशें वर्षांपूर्वीं ज्या पुरुषानें बिनतारी लहरींच्या आज्ञेंत वागणारी नौका पाण्यावर सोडली, त्यानें या गुणाची आवश्यकता तेव्हांच ओळखिली होती. त्याचें नांव निकोला टेस्ला. त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस बोधप्रद होईल असें वाटल्यावरून आम्ही तें येथें थोडक्यांत देत आहों.

निकोलाचा जन्म १० जुलै १८५६ रोजीं स्मिल्यान नांवाच्या खेड्यांत झाला. हें खेडें त्या काळीं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत होतें. आज तें क्रोएशिया देशांत आहे. त्याचें घराणें सर्ब वंशाचें. वडील मिलुतिन हे ऑर्थोडॉक्स मंडळीचे धर्मगुरु होते, आणि आपल्या मुलानेंहि तीच सेवा पत्करावी अशी त्यांची मनीषा होती. आई जूका हिला लिहितांवाचतां येत नव्हतें. परंतु घरकामाचीं लहानसहान साधनें ती स्वतःच्या कल्पनेनें बनवी, आणि सर्ब लोकांचीं लांबलचक वीरगीतें तिला मुखोद्गत होतीं. आपल्या ठिकाणची शोधकबुद्धि आपणांस आईकडून मिळाली असें टेस्ला पुढें मोठा झाल्यावरहि सांगत असे. निरक्षर मातेच्या हातांत केवढें शिक्षण असूं शकतें याचें हें एक उदाहरण आहे.

या घरावर एक मोठें दुःख ओढवलें. निकोलाचा वडील भाऊ दाने हा विलक्षण बुद्धिमान होता. निकोला लहान असतांनाच तो घोड्यामुळें झालेल्या अपघातांत मरण पावला. त्यानंतर आपण कांहीं चांगलें करून दाखविलें कीं आईबापांस गेलेल्या मुलाचीच आठवण अधिक होते, असें धाकट्याच्या मनानें घेतलें. कौतुकाच्या जागीं अश्रु पाहण्याचें त्याच्या नशिबीं आलें, आणि त्याचा स्वभाव लहानपणापासून एकलकोंडा झाला.

१८७३ सालीं कार्लोवाक येथील शाळेचा अभ्यास संपवून तो घरीं परतला, तों पटकीच्या सांथीनें त्यास गांठलें. सुमारें नऊ महिने तो अंथरुणास खिळून होता, आणि त्याच्या जगण्याची आशा घरच्यांनीं बहुतेक सोडली होती. अशा वेळीं, आपणांस यंत्रविद्या शिकावयास पाठविलें तर कदाचित् आपण बरे होऊं, असें त्यानें क्षीण स्वरानें वडिलांस सांगितलें. वडिलांनीं आपली जन्माची इच्छा बाजूस ठेविली व उत्तम विद्यालयांत पाठविण्याचें वचन दिलें. मुलगा बरा झाला, आणि वडिलांनींहि आपलें वचन पाळलें. मुलाच्या अंगीं कोणता सूर आहे तें ओळखून त्याच्याशीं आपली इच्छा जुळवून घेणें हें आईबापांस किती कठीण जातें, हें आमच्या पालकवर्गास सांगावयास नकोच.

१८७५ सालीं निकोला ग्रात्स येथील विद्यालयांत दाखल झाला. पहिलें वर्ष त्यानें अहोरात्र अभ्यास केला. तेथें एके दिवशीं प्राध्यापकांनीं विजेवर फिरणारें एक यंत्र वर्गांत आणिलें. यंत्राच्या फिरत्या भागावर प्रवाह पोंचविणारे ब्रश घासत होते आणि त्या ठिकाणीं सारख्या ठिणग्या उडत होत्या. हे ब्रश काढून टाकतां येणार नाहींत काय, असा प्रश्न निकोलानें केला. असें कधींहि घडणें शक्य नाहीं, हें प्राध्यापकांनीं सर्व वर्गासमक्ष सविस्तर सिद्ध केलें. निकोला गप्प बसला. पण प्रश्न त्याच्या मनांतून गेला नाहीं.

येथें एक गोष्ट आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. पुढील काळांत त्यास जुगाराचें व्यसन लागलें, अभ्यास सुटला, आणि पदवी न घेतांच त्यास ग्रात्स सोडावें लागलें. १८७९ सालीं त्याचे वडील वारले. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशीं पानें असतात. तीं फाडून टाकल्यानें चरित्र शुद्ध होत नाहीं. त्या पानांनंतर पुढें काय लिहिलें गेलें हें पाहावयाचें असतें. टेस्लानें तें व्यसन सोडलें, प्राग येथें कांहीं काळ अध्ययन केलें, आणि १८८१ सालीं तो बुडापेस्ट शहरीं टेलिफोनच्या कामावर लागला.

१८८२ सालीं त्या शहरांतील एका बागेंत सायंकाळीं तो एका मित्रासह फिरत होता. सूर्य मावळत होता. एकाएकीं त्यास आपल्या जुन्या प्रश्नाचें उत्तर दिसलें, आणि त्यानें काठीनें वाळूवर आकृति काढून तें मित्रास समजाविलें. एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह घेण्याऐवजीं दिशा पुनःपुन्हां पालटणारे दोन प्रवाह घ्यावयाचे, आणि ते एकामागून एक अशा बेतानें निरनिराळ्या वेटोळ्यांतून सोडावयाचे. असें केलें म्हणजे वेटोळीं जागच्या जागीं असतांहि त्यांचें चुंबकत्व गोल फिरूं लागतें, आणि मधला भाग त्याच्या मागोमाग ओढला जाऊन फिरतो. घासणारा ब्रश नको, आणि ठिणगीहि नको. आज पिठाच्या गिरणींत व विहिरीवरील पंपांत ज्या मोटारी चालतात त्यांतील पुष्कळशा याच तत्त्वावर चालतात.

या कल्पनेचें चीज युरोपांत होईना, म्हणून १८८४ सालीं टेस्ला न्यूयॉर्कला गेला. तेथें त्यानें सुमारें सहा महिने एडिसनच्या कारखान्यांत नोकरी केली. एडिसनचा सारा व्यवसाय एकाच दिशेच्या प्रवाहावर उभारलेला असल्यामुळें दोघांचें जमलें नाहीं. पुढें कांहीं भांडवलवाल्यांच्या साह्यानें टेस्लानें कंपनी काढली. पण तिच्यांतून त्यासच बाहेर काढण्यांत आलें, आणि त्याचीं पेटंटें कंपनीकडे राहिलीं. १८८६ च्या हिवाळ्यांत या विद्वान् तरुणानें रोज २ डॉलर मजुरीवर रस्त्याकडेचे चर खणले. जगांतील गिरण्या ज्याच्या कल्पनेवर चालावयाच्या होत्या, त्याच्या हातांत त्या वेळीं कुदळ होती.

सुदैवानें पुढल्याच वर्षीं त्यास प्रामाणिक भागीदार लाभले. १८८८ सालीं विद्युत्शास्त्रज्ञांच्या सभेपुढें त्यानें आपली मोटार समजावून दिली, आणि जॉर्ज वेस्टिंगहाउस या कारखानदारानें रोख रक्कम व भाग मिळून ६०,००० डॉलर, शिवाय दर अश्वशक्तीमागें अडीच डॉलर देण्याचें कबूल करून तिचे हक्क घेतले. पुढें त्या कारखान्यास आर्थिक अडचणीनें गांठलें व दर अश्वशक्तीचा करार मागें पडला. १८९७ सालीं २,१६,००० डॉलर एकरकमी देऊन पेटंटें कायमचीं विकत घेण्यांत आलीं. मूळचा करार टिकता तर टेस्ला कुबेर झाला असता. १८९३ सालीं शिकागोचें जागतिक प्रदर्शन याच प्रवाहानें उजळलें, आणि नोव्हेंबर १८९६ मध्यें नायगारा धबधब्याची वीज सुमारें २५ मैलांवरील बफेलो शहरीं पोंचली. १९१५ सालीं खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत्केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांस जी वीज मिळूं लागली, तीहि याच दिशा पालटणाऱ्या प्रवाहाची होती. घाटमाथ्यावरचें पाणी मुंबईचे माग चालवूं लागलें, त्यांत या सर्ब धर्मगुरूच्या मुलाचा वांटा आहे.

आतां आपण नौकेकडे वळूं. १३ मार्च १८९५ रोजीं लागलेल्या आगींत टेस्लाची प्रयोगशाळा भस्मसात् झाली. तिचा विमा उतरलेला नव्हता. वर्षांचे कागद आणि यंत्रें एका रात्रींत गेलीं. तरी त्यानें नवी जागा घेतली आणि बिनतारी लहरींचे प्रयोग पुढें चालविले. अशा लहरींनीं दूरचें काम करवितां येतें हें तोंवर जगास कळूं लागलें होतें. १८९५ सालींच कलकत्त्यास आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं मधल्या भिंतींपलीकडील घंटा अशा लहरींच्या योगें वाजवून दाखविली होती. परंतु घंटा वाजविणें ही एकच आज्ञा झाली. चालत्या वाहनास डावें, उजवें, सरळ, थांब अशा अनेक आज्ञा द्याव्या लागतात. त्या सर्व तारेवांचून देतां येतील, हें टेस्लानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एका लहानशा लोखंडी नौकेच्या द्वारें दाखविलें.

या नौकेची रचना आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावी, कारण त्यांच्या ट्रकची रचना मूलतः तीच आहे. नौकेंत बॅटऱ्या होत्या. पंखा फिरविणारी एक मोटार होती, सुकाणूं वळविणारी दुसरी होती, आणि लहरी टिपणारें ग्राहक यंत्र होतें. ग्राहकाचें मुख्य अंग म्हणजे धातूच्या बारीक कणांनीं भरलेली एक नळी. एरवीं हे सैल कण वीज फारशी जाऊं देत नाहींत. लहर येऊन पोंचली म्हणजे ते एकमेकांस चिकटल्यासारखे होऊन विजेस वाट देतात. त्या क्षीण प्रवाहानें एक कळ दाबली जाई, आणि बॅटरीचा जोरकस प्रवाह सुरू होऊन एक चक्र एक घर पुढें सरके. चक्राच्या एका घरीं सुकाणूं एका बाजूस वळे, पुढच्या घरीं स्थिर राही, त्याच्या पुढच्या घरीं दुसऱ्या बाजूस वळे. त्याच वेळीं नळी उलटी होऊन कण पुन्हां सैल होत व ती पुढच्या आज्ञेसाठीं सज्ज होई. यांत ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट ही कीं, लहर नौकेस ढकलीत नसे. ढकलण्याची शक्ति नौकेच्या पोटांत होती. लहर केवळ सांगत असे. तुमच्या ट्रकची बॅटरी उतरली असतां रिमोट कितीहि महागाचा असला तरी त्याचा उपयोग नाहीं, तो याच कारणानें.

पाहणाऱ्यांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. कोणी म्हणत कीं हा मनःशक्तीचा प्रभाव आहे. कोणास वाटे कीं आंत शिकविलेलें माकड बसविलें आहे. लोक नौकेस प्रश्न विचारीत आणि तिचे दिवे लुकलुकून उत्तर देत. उत्तर देणारा अर्थात् टेस्लाच असे. ८ नोव्हेंबर १८९८ रोजीं या युक्तीस अमेरिकेंत पेटंट मिळालें. त्याचा क्रमांक ६,१३,८०९. पेटंटाच्या नांवांत नौकांबरोबर वाहनांचाहि उल्लेख आहे. म्हणजे आजचा खेळण्यांतला ट्रकहि त्या कागदांत नांव न घेतां बसलेला होता. सरकारनें मात्र त्या वेळीं या शोधाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं.

परंतु टेस्लाचें समाधान एवढ्यानें झालें नाहीं. एकाच तळ्यांत दोन नौका असल्या आणि कांठावर दोन धनी असले तर काय होईल? जत्रेच्या गर्दींत शंभर आवाज उठत असतात. तरी हरवलेलें मूल आपल्या आईच्या हांकेसरशीं वळतें. यंत्रासहि अशी ओळख पाहिजे. बिनतारी लहर दर सेकंदास किती वेळां थरारते त्या संख्येस कंपनसंख्या म्हणतात. ग्राहक एका ठराविक कंपनसंख्येशीं जुळवून ठेविला म्हणजे तो इतर लहरींकडे सहसा लक्ष देत नाहीं, जसा एका सुरांत लावलेला तंबोरा त्याच सुरास प्रतिसाद देतो. टेस्लानें याच्याहि पुढें पाऊल टाकलें. दोन किंवा अधिक भिन्न कंपनसंख्यांच्या लहरी ठरल्याप्रमाणें येतील तेव्हांच ग्राहकानें काम करावें, एरवीं करूं नये, अशी योजना त्यानें केली. दोन किल्ल्यांवांचून न उघडणाऱ्या तिजोरीसारखीच ही युक्ति होय. तिचीं पेटंटें त्यास १९०३ सालीं मिळालीं.

हीं पेटंटें हातीं आलीं तेव्हां त्याचें भाग्य उतरणीस लागलें होतें. १८९९ सालीं कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें प्रचंड विजेचे प्रयोग करून परतल्यावर त्यानें न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड बेटावर वॉर्डनक्लिफ येथें एक मनोरा उभारण्याचें ठरविलें. जे. पी. मॉर्गन या धनाढ्यानें समुद्रापार संदेश पाठविण्याच्या कामासाठीं १,५०,००० डॉलर देऊं केले. टेस्लाच्या मनांत मात्र संदेशच नव्हे, तर तारेवांचून साऱ्या जगास शक्ति पुरविण्याची कल्पना वाढत गेली, आणि कल्पनेबरोबर मनोराहि वाढला. त्याची उंची १८७ फूट झाली. पैसा मध्येंच संपला.

याच वेळीं इटलीचा तरुण मार्कोनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोल्ड्यू येथें काम करीत होता. त्याचाहि खर्च थोडा नव्हता. आणि सप्टेंबर १९०१ मध्यें वादळानें त्याचे उंच खांब कोसळले. त्यानें ते पुन्हां तसेच उभारण्याचा हट्ट धरला नाहीं. साधी तारांची रचना करून त्यानें वेळ मारून नेली, आणि पलीकडे न्यूफाउंडलंड येथें पतंगास तार बांधून ती आकाशांत चढविली. १२ डिसेंबर १९०१ रोजीं अटलांटिक महासागर ओलांडून आलेला एक अक्षराचा संकेत आपण ऐकला असें त्यानें जाहीर केलें. मार्कोनीस त्या दिवशीं एक अक्षर पलीकडे पोंचवावयाचें होतें, आणि तेवढ्यास पुरेल तेंच साधन त्यानें हातीं धरिलें. टेस्लास सर्व कांहीं एकदम पोंचवावयाचें होतें. मॉर्गननें पुढें पैसा देण्याचें नाकारिलें. तो मनोरा कधींहि पुरा कामास लागला नाहीं. हॉटेलच्या थकलेल्या बिलापोटीं ती जागा १९१५ सालीं टेस्लाच्या हातची गेली, व १९१७ सालीं मनोरा पाडण्यांत आला. बुद्धीनें टेस्ला कमी होता असें कोणीहि म्हणणार नाहीं. यंत्राचा यंत्राशीं मेळ घालणाऱ्या या पुरुषास आपल्या संकल्पाचा आपल्या ऐपतीशीं मेळ घालतां आला नाहीं, एवढेंच आम्ही म्हणतों.

त्याचें पुढील आयुष्य एकाकी गेलें. त्यानें विवाह केला नाहीं. तो हॉटेलांतून राहत असे, बिलें थकत, आणि तो मुक्काम हालवी. उद्यानांतील कबुतरांस दाणे घालणें हा त्याचा विसावा होता. १९१७ सालीं विद्युत्शास्त्रज्ञांनीं त्यास पदक दिलें. तें एडिसनच्या नांवाचें होतें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. १९३४ पासून वेस्टिंगहाउस कंपनी त्याच्या खोलीचें भाडें भरी व महिना १२५ डॉलर देई. ७ जानेवारी १९४३ रोजीं न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या ३३ व्या मजल्यावर, वयाच्या ८६ व्या वर्षीं, तो एकटाच असतां वारला. त्याच वर्षीं जूनमध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, मार्कोनीच्या एका महत्त्वाच्या पेटंटांतील दावे लॉज, टेस्ला व स्टोन यांच्या आधींच्या कार्यामुळें टिकत नाहींत, असा निर्णय दिला. १९६० सालीं चुंबकक्षेत्राच्या एका मापास टेस्ला हें नांव देण्यांत आलें. मान मिळाला तो असा उशीरां.

टेस्लाच्या मृत्यूपूर्वीं कांहीं महिने, ऑगस्ट १९४२ मध्यें, हेडी लामार ही नटी व जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांस एक पेटंट मिळालें होतें. पाण्यांतून जाणाऱ्या टॉर्पेडोस आज्ञा देतांना प्रेषक व ग्राहक या दोघांनीं ठरलेल्या क्रमानें एका कंपनसंख्येवरून दुसरीवर उड्या घ्याव्या, म्हणजे शत्रूस मध्यें ढवळाढवळ करतां येणार नाहीं, अशी ती योजना होती. तिचाहि मूळ प्रश्न टेस्लाचाच होता: चालत्या यंत्रानें फक्त आपल्या धन्याचें कसें ऐकावें?

आतां पुन्हां आमच्या विद्यार्थ्याच्या ट्रककडे येऊं. पूर्वीं असे ट्रक बहुधा २७ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदास सुमारें २ कोटि ७० लक्ष कंपनांवर चालत. एकाच मैदानावर दोन मुलांची कंपनसंख्या एक असली तर एकाच्या रिमोटनें दुसऱ्याचा ट्रक भरकटे. हल्लींचे बहुतेक ट्रक २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदास २४० कोटि कंपनांवर चालतात. त्यांचे अनेक रिमोट वर सांगितल्याप्रमाणें उड्या घेत असतात, आणि प्रत्येक रिमोट आपल्या आज्ञेबरोबर आपली खूण पाठवितो. ग्राहकास ती खूण एकदां शिकवावी लागते. या जोडणीस दुकानांत बाइंड करणें म्हणतात. उड्यांचा क्रम व खुणेची भाषा निरनिराळ्या कारखान्यांची निरनिराळी असते. म्हणून २.४ हा आंकडा दोहोंवर छापलेला असला तरी एका कारखान्याचा रिमोट दुसऱ्याच्या ग्राहकाशीं बोलूं शकेलच असें नाहीं. भाषा एक असल्यावांचून मोठ्यानें ओरडून काय उपयोग?

तेव्हां नवा रिमोट घेण्यापूर्वीं ट्रकचें झांकण उघडून आंत पाहावें. ग्राहक व मोटारीचा वेग आवरणारें यंत्र हीं दोन्ही एकाच पट्टीवर असलीं, तर त्याच नमुन्याचा मूळ रिमोट शोधणें हा सरळ मार्ग होय. ग्राहक निराळ्या डबींत असून त्यांत तीन तारांचे जोड बसविलेले असले, तर काम सोपें आहे. अशा वेळीं रिमोट व ग्राहक यांची जोडीच एकत्र विकत घ्यावी. नामांकित कारखान्याचा एकटा रिमोट घेण्यापेक्षां दुसऱ्या साध्या कारखान्याची अशी जोडी पुष्कळदां स्वस्त पडते, आणि जुने जोड नव्या ग्राहकांत बहुधा बसतात. मात्र नव्या ग्राहकास किती व्होल्टचा दाब चालतो तें त्यावर वाचून घ्यावें. वळणें व वेग यांसाठीं दोन मार्ग पुरतात; गिअर पालटावयाचा किंवा दिवे लावावयाचे असतील तर तिसरा उपयोगी पडतो. सहा मार्गांचा रिमोट केवळ ऐटीसाठीं घेणें म्हणजे लहानसा वॉर्डनक्लिफ उभारणें होय. एका गोष्टींत मात्र काटकसर करूं नये: आज्ञा येईनाशी झाली तर ट्रक आपोआप थांबेल अशी सोय ग्राहकांत आहे कीं नाहीं हें विचारून घ्यावें. चालू करतांना रिमोट आधीं व ट्रक मागून, आणि बंद करतांना ट्रक आधीं व रिमोट मागून, हा नेम पाळावा. पहिली परीक्षा चाकें जमिनीवरून उचलून धरून करावी.

आम्हीं त्या मुलाचा ट्रक उघडला, तेव्हां ग्राहक निराळ्या डबींत दिसला. दुसऱ्या दिवशीं मुलगा वडिलांसह त्याच दुकानीं गेला. दुकानदारानें एकटा रिमोट परत घेतला व थोडे पैसे वर घेऊन जोडी दिली. तो लबाड नव्हता, त्यास कोणी नीट विचारलेंच नव्हतें. वडिलांनीं स्वतः जोड बसविले, मुलानें नवी खूण शिकविली, आणि शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर तो ट्रक आमच्या पटांगणांत धांवला. वडील कुंपणाशीं उभे राहून पाहत होते. एवढ्या लहानशा गोष्टीवरून घरांत चार दिवस अबोला होता, हें आम्हांस त्या वेळीं कळलें.

विद्यार्थिमित्रांनो, टेस्लाच्या चरित्रांतून आम्ही दोन गोष्टी घेतों. ऐकणारा आणि सांगणारा यांचा मेळ आधीं बसला पाहिजे. तो बसला म्हणजे क्षीण लहरहि लोखंडी नौका वळविते. आणि जें सांगावयाचें असेल तेवढ्यास पुरेल असें साधन निवडावें. त्याहून मोठें साधन थोर बुद्धीच्या पुरुषासहि झेपलें नाहीं. ज्या धर्मगुरूनें आजारी मुलाच्या अंथरुणाशीं बसून त्याचें क्षीण बोलणें ऐकलें, त्यास यंत्रविद्या येत नव्हती. परंतु मेळ घालण्याची ही विद्या त्यास येत होती. तुमच्या ट्रकचा रिमोट पुन्हां कधीं फुटला, तर बाजारांत धांवण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांजवळ बसून झांकण उघडा, आणि आंत कोण कोणाचें ऐकतें तें आधीं पाहा.